खारेपाटाची शेती आणि आपल्या मुलीचे संशोधन

मुंबईहून एस.टी.ने पेण, वडखळ मागे टाकून पोयनाडला उतरले की रायगड जिल्ह्यातील खारेपाटाचा मुलूख लागतो. आमच्या अभ्यासवर्गातील एक विद्यार्थिनी या भागातील समाज, इतिहास व पर्यावरण यांवर पीएच.डी. करीत आहे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तिच्यासोबत आम्ही चार कार्यकर्ते तेथे जाऊन आलो.

येथील जमीन खाडीकडून कष्टाने मिळवलेली आहे. माणसांनी चिखल-दगडाचा बांध घातला, त्यात उघाड्या बसवल्या. ओहोटीला पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर जाते. भरतीचे खारे पाणी बांधावर अडते. उधाणात बांधाला खांड पडली की शेत खारावते, भात जळते. पूर्वी गावकरीच खांडी बुजवीत. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला व त्यासाठी मंडळ नेमले.

आमच्या विद्यार्थिनीने एका आजींना विचारले, "आजी, हा बांध कोणी घातला?" आजी म्हणाल्या, "बाय, चिखल वाहनाऱ्यांची नावं कागदावर नसतात." मुलीने ते वाक्य वहीत लिहून घेतले. आम्ही कारकून माणसे. कागदावर नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय. त्या वाक्याने आम्हांला विचार करायला लावला.

पुढे चरी गावी गेलो. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोत-सावकारांची शेते न कसण्याचा निर्धार केला. संप १९३९ पर्यंत चालला. घरात दाणा नसताना लोकांनी जंगलातील लाकूडफाटा व खाडीची मासळी यांवर दिवस काढले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेस आले होते. १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून गेले. अखेर १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला.

आज लढा खोताशी नाही, खाऱ्या पाण्याशी आहे. बांध फुटून पडीक राहिलेल्या शेतात कांदळ उगवते. कांदळवन उधाणाचा जोर मोडते, माशांच्या पिलांना आसरा देते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते तोडण्यास मनाई केली. पण ज्याच्या भातशेतीत ते उगवले, त्या शेतकऱ्याने काय करावे? ही मुलगी दोन्ही बाजू ऐकून लिहीत आहे. आम्हांला हे मोलाचे वाटते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. शेतकऱ्याचा प्रश्न आधी अभ्यासावा, मग त्यासाठी झगडावे, हा धडा त्यांनीच घालून दिला. म्हणून आपल्या घरातील मुलगी "मला संशोधन करायचे आहे" म्हणाली, तर "नोकरी कधी लागणार?" हा प्रश्न पहिला विचारू नका. तिचा एस.टी.चा खर्च आपण वाटून घेऊ.

आणि वाचक बंधू-भगिनींनो, गावी जाल तेव्हा एक वही न्या. घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा: कोणाच्या शेतावर राबलात, मजुरी काय मिळाली, बांध कोणी घातला? ती माणसे आहेत तोवर हे लिहून ठेवले पाहिजे.