देवणीच्या रस्त्यावरची सायकल

देवणी म्हटले की लोकांना इथला काळा-पांढरा गोवंश आठवतो. मला आठवतात ते जुन्या सायकलीवरून दूध घालायला निघालेले माझे सत्तरीपुढचे एक रुग्ण.

गेल्या महिन्यात त्यांनी नातवाने धाडलेले चित्र दाखवले: पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची ‘रिकम्बंट’ सायकल. "डॉक्टरसाहेब, घेऊ का? कंबर लई धरायलीय."

कंबरेपुरते नातवाचे खरे. भार रुंद आसनावर नि पाठीवर वाटला जातो; मनगटे आणि मान मोकळी राहतात. वेगही उणा नाही. १९३३ साली फ्रान्सिस फोर याने अशाच सायकलीवर तासात ४५ किलोमीटर गाठले. पुढच्याच वर्षी तिला अधिकृत शर्यतींतून वगळले गेले!

पण मी त्यांना दवाखान्याबाहेर नेले. उसाचा ट्रॅक्टर चालला होता. इतक्या खाली बसलेला माणूस त्याच्या चालकाला दिसेल? खड्डा आला की सरळ सायकलीवर आपण अंग उचलतो. तिथे हिसका थेट पाठीला. शिवाय खोल आसनातून उठायला गुडघ्यांत बळ हवे.

तेव्हा त्यांची सायकल तीच ठेवली. हँडल वर घेतले, आणि पायडल तळाला असता गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट उंच केली. रिकम्बंटही आली, पण घरात एका जागी चालणारी, अर्धांगाच्या झटक्यानंतर तोल जाणाऱ्या त्यांच्या पत्नीसाठी. सून हात धरून बसवते नि जवळच थांबते. आजोबा दूध घालून परत येईतो आजींची दहा मिनिटे होतात.