ऐकणारे अंतःकरण

धर्मग्रामात सेवा करणाऱ्या धर्मगुरूला वारंवार विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "फादर, यात देवाची इच्छा काय असेल?" मुलीला आलेले स्थळ स्वीकारावे की नाही, वडिलोपार्जित वाडी विकावी की राखावी, मुलाने परदेशी जावे की थकलेल्या आईवडिलांजवळ राहावे, अशा प्रसंगी हा प्रश्न ओठांवर येतो. तो श्रद्धेतून येतो, म्हणून मोलाचा आहे. परंतु पुष्कळदा त्यामागे एक छुपी अपेक्षा असते. देवाने स्पष्ट खूण द्यावी आणि निर्णयाचे ओझे आपल्या खांद्यावरून उतरावे, ही ती अपेक्षा. मग कोणी डोळे मिटून बायबल उघडतो आणि बोट पडेल त्या ओळीत उत्तर शोधतो. कोणी क्रुसासमोर चिठ्ठ्या टाकतो.

प्रेषितांनीही मत्थियाची निवड करताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु ती घटना पेंटेकॉस्टच्या आधीची. पवित्र आत्मा उतरल्यानंतर त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात कोठेही आढळत नाही. परराष्ट्रीय ख्रिस्ती जनांनी सुंता करून घ्यावी की नाही, या प्रश्नावर ते यरुशलेमात एकत्र बसले, त्यांनी वाद घातला, पेत्राचे, बर्णबाचे आणि पौलाचे अनुभव ऐकले, याकोबाने शास्त्राचा आधार दिला आणि मग निर्णय झाला. तो निर्णय पवित्र आत्म्याचा आणि आपलाही आहे, असे त्यांनी निःसंकोचपणे लिहून कळविले. आत्म्याने त्यांचे डोके बाजूला ठेवले नाही, ते उजळले.

शलमोन राजाची प्रार्थना आपल्या परिचयाची आहे. गिबोन येथे स्वप्नात देवाने त्याला हवे ते मागण्यास सांगितले. त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागितला नाही. त्याने जे मागितले, त्या मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ 'ऐकणारे अंतःकरण' असा होतो. पुढचीच कथा एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन स्त्रियांची आहे. त्या वेळी आकाशवाणी झाली नाही. राजाने दोघींचे बोलणे ऐकून घेतले, तलवार मागविली, आणि बाळ जगावे म्हणून त्याच्यावरचा हक्क सोडणाऱ्या स्त्रीच्या शब्दांत त्याला आई ऐकू आली. देवाने त्याला उत्तर दिले नव्हते. उत्तर ओळखणारे अंतःकरण दिले होते.

संत इग्नेशियस लोयोला यांचा प्रवासही याच दिशेने झाला. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडले असता ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचताना त्यांना एक गोष्ट जाणवली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगविताना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याचा विचार मनात आला की तो सरल्यावरही समाधान टिकून राही. तरीही ही ओळख एका दिवसात परिपक्व झाली नाही. १५२२ साली मोन्सेरातच्या वाटेवर एका मुसलमान प्रवाशाने मारियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली. त्याच्या मागे जाऊन त्याला भोसकावे की सोडून द्यावे, हे ठरविता न आल्याने इग्नेशियसने खेचराचा लगाम सैल सोडला. खेचराने दुसरी वाट धरली म्हणून तो प्रवासी वाचला! हा प्रसंग त्यांनी उतारवयात स्वतःच सांगितला, आपला आत्मा तेव्हा किती आंधळा होता याचे उदाहरण म्हणून. पुढे मान्रेसा येथील प्रार्थनामय महिन्यांतून त्यांच्या 'आध्यात्मिक साधने'चा पाया घातला गेला, आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्या ग्रंथाला मान्यता दिली. मन उद्विग्न असताना पूर्वी केलेला चांगला संकल्प बदलू नये; ज्याला आपण कधी पाहिलेले नाही अशा माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर त्याला कोणता सल्ला दिला असता, ते पाहावे; मरणाच्या घटकेला कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, याचा विचार करावा, असे मार्ग त्यांनी त्यात दाखविले आहेत. त्यांत लगाम कोठेही सैल सोडलेला नाही.

हे सारे मी सेमिनरीत शिकलो होतो. परंतु त्याचा खरा अर्थ मला माझ्या आईच्या अखेरच्या आजारात उमगला. तिने ऐंशी ओलांडली होती, मूत्रपिंडे निकामी झाली होती. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवले तर काही दिवस निघतील, पण ती बरी होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि संध्याकाळपर्यंत निर्णय मागितला. आम्ही भावंडे इस्पितळाच्या जिन्यापाशी उभी होतो. घरीही मला 'फादर'च म्हणतात. थोरली बहीण म्हणाली, "फादर, तुम्हीच प्रार्थना करून सांगा. देव तुमचं ऐकेल."

आम्ही जपमाळेचे एक दशक म्हटले. असाध्य आजारात जाचक आणि असाधारण उपचार करण्याचे बंधन नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण मी त्यांना समजावून सांगितली. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी ती डॉक्टरांपुढे स्पष्टपणे मांडली होती. पण शिकवण वाट मोकळी करते. त्या वाटेने आपल्या आईला न्यावे की नाही, हे आम्हालाच ठरवायचे होते. तेव्हा मी प्रत्येकाला विचारले, "आईची स्वतःची इच्छा काय होती?" सारे गप्प राहिले. मग धाकटा भाऊ बोलला. तो मितभाषी, पण आईच्या उशाशी रात्री जागवल्या होत्या त्यानेच. "ती म्हणायची, मला नळ्या नकोत. माझ्या खाटेवर, माझ्या आल्तारासमोर जाऊ दे."

आम्ही तिला घरी आणले. मी तिला तैलाभ्यंग संस्कार दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती शांतपणे प्रभूकडे गेली. आम्ही खूप रडलो, पण आमच्यापैकी कोणाच्याही मनात सल उरला नाही. त्या दिवशी आमच्या घरात धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे होती. ऐकणारे अंतःकरण मात्र धाकट्याकडे होते. ते त्याला रात्री जागूनच लाभले होते.

दृढीकरण संस्कारात बिशपांनी आपल्या कपाळाला पवित्र तेल लावले, तेव्हा आत्म्याच्या दानांसाठी, त्यांतही ज्ञानासाठी, प्रार्थना झाली होती. ते दान वापरल्यावाचून पडून राहू नये. रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे वळून पाहावे: आज कोणत्या गोष्टीने मन निवले, कोणत्या गोष्टीने कोरडे पडले, आणि कोणाचे बोलणे मी अर्धवट ऐकले? ही सवय असेल तर मोठ्या निर्णयाच्या दिवशी चिठ्ठीची आठवण होणार नाही. आणि हे मागणे एकदाच करून भागत नाही. इतका ज्ञानी शलमोन, पण वृद्धापकाळी त्याचे अंतःकरण परक्या दैवतांकडे वळले. गिबोनची ती एक रात्र त्याला जन्मभर पुरली नाही. आपल्यालाही रोजची भाकर मागताना हे दान रोजच मागावे लागेल.