कासला निघालाय? आधी पंप बघा!

वीकएण्डला सांगलीहून कास पठार गाठायचं (2012 पासून जागतिक वारसा, बॉस!) तर भडंगाचा पुडा आणि गाणी मस्ट! पण गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर वॉटर पंपाकडेही एक नजर टाका. कृष्णाकाठच्या सपाटीवर, पेठ नाका-कराड हायवेच्या वाऱ्यात थकलेला पंपही निभावून नेतो. खरी परीक्षा साताऱ्यापुढे, यवतेश्वरच्या घाटात. तिथे वेग कमी, इंजिनवर लोड जास्त आणि कूलंट फिरवणारा पंपच दमलेला. मग टेम्परेचरचा काटा चढणारच.

पंपाखाली कूलंटचे डाग, बेअरिंगची घरघर, हलणारी पुली, यांपैकी काहीही आढळलं की पंप बदलाच. तुमच्या गाडीत तो टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्ट बदलतानाच नवा बसवा. खोलायचं तेच, मजुरी एकदाच. चालढकल केलीत, तर हेड गॅसकेट जाऊन बिल कितीतरी पटींनी फुगतं.

घाटात काटा चढलाच, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडू नका.

पंप ठणठणीत? मग निघा! कंदी पेढे परतताना साताऱ्यात.