समोरचा माणूस

एस्प्लनेडला जमिनीखाली मेट्रो आहे आणि वर ट्राम. मेट्रो मार्च २०२४ पासून हुगळीच्या पात्राखालून हावड्याला नेते. मोबाइलवर तिकीट काढा, फाटक उघडतं. एक शब्द न बोलता माणूस नदीपार. कोलकात्याची ट्राम १८७३ साली घोड्यांनी ओढली, १९०२ पासून ती विजेवर धावते. आता मोजकेच मार्ग उरलेत. तिथे कंडक्टर हातात कागदी तिकीट देतो, आणि चढलेल्या आजी नीट बसेपर्यंत घंटीची दोरी ओढत नाही. घाई असली की मीही मेट्रोनेच जातो. पण आजींकडे बघणारं कोणीतरी हवंच.

फौजेत हे रोज कळतं. सीमेवरच्या कित्येक चौक्यांवरून आता व्हिडिओ कॉल लागतो. त्याचे उपकार मोठे. तरी सैनिक संमेलनात सीओ जवानांसमोर उभा राहतो, बड्या खान्याला त्यांच्यासोबत जेवतो.

मागच्या एका पोस्टिंगला एक जवान फोनवर रोज सांगायचा, "सब ठीक है, साब." मी त्याच्या चौकीवर गेलो. चहाचा मग देताना त्याचा हात थरथरत होता. अर्धा तास शेजारी बसल्यावर तो बोलला: घरी जमिनीचं भांडण, महिनाभर झोप नाही. त्याच आठवड्यात त्याला रजेवर पाठवलं. तो हात फोनवर दिसला नसता.

जवान शहीद झाला की बातमी फोनने आधीच गावात पोचलेली असते. तरीही पार्थिवासोबत युनिटमधला माणूस जातो. त्याच्या आईसमोर कोणीतरी उभं राहावं लागतं.