राधिकेने काय करावे?

मराठीच्या प्राध्यापकाने टेलिव्हिजनवरच्या मालिका पाहाव्यात की नाही, या प्रश्नावर आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये संपूर्ण एकमत आहे. पाहू नयेत. हे मत मी स्वतःही वेळोवेळी चढ्या आवाजात मांडले आहे. मात्र रात्री आठच्या सुमारास आमच्या घराची खिडकी कोणी ढकलून पाहिलीच, तर जेवणाचे ताट मांडीवर घेऊन पडद्याकडे टक लावून बसलेला जो इसम दिसेल, तो दुसरा-तिसरा कोणी नसून मीच असेन, हे आज या दिवाळीच्या निमित्ताने कबूल करून टाकतो.

माझ्या बचावासाठी दोन-चार मुद्दे मी जमवून ठेवले आहेत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः दिली. म्हणजे यमूचे पुढे काय झाले, हे कळायला वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावीच लागली. तिकडे विलायतेत कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली लोटले, तेव्हा वाचकांनी इतका ओरडा केला की दहा वर्षांनी त्याला परत जिवंत करावे लागले. तेव्हा पुढच्या भागासाठी जीव टांगणीला लावून घेणे, हा काही आजचा रोग नव्हे. एवढे सांगून झाले, की मी निर्धास्तपणे रिमोट हातात घेतो. तो लगेच सौभाग्यवती काढून घेते, ही गोष्ट वेगळी.

आमच्या बैठकीची रचना ठरलेली. काकी पलंगावर, भिंतीला टेकून. आई खाली चटईवर, पुढ्यात मेथीची जुडी. सौभाग्यवती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या मांडीवर चाचणीचे पेपर. मुलगी दारात, मोबाइलवर एक डोळा आणि पडद्यावर दुसरा. काकी म्हणजे माझी थोरली चुलती. तिला मूलबाळ नाही. मला वाढवण्यात निम्मा वाटा तिचा. शिक्षण चौथीपर्यंत. मी एम. ए. झालो त्या दिवसापासून ती मला 'मास्तर' म्हणते आणि त्यात कौतुक किती अन् चेष्टा किती, हे मला अजून कळलेले नाही.

२०१६ साली 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली आणि पुढची साडेचार वर्षे आमच्या घरात एकच प्रश्न चर्चेला राहिला : राधिकेने काय करावे? ज्यांनी मालिका पाहिली नाही (असे कोणी असल्यास) त्यांच्यासाठी सांगतो. राधिका ही वऱ्हाडी बोलणारी, सरळ मनाची गृहिणी. अनिता दातेने ती उभी केली होती. नवरा गुरुनाथ सुभेदार, त्याची प्रेयसी शनाया. आणि मधे अथर्व नावाचा लहान मुलगा.

सौभाग्यवतीचे मत पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते. गुरुनाथला सामानासकट बाहेर काढावे. मुलीचे म्हणणे, ज्या गोष्टीला एक दुपार पुरेल तिला ही बाई चारशे भाग का लावते? आईला अथर्वची काळजी. आणि मी? मी अर्थातच समीक्षक. स्वभावचित्रणात विसंगती आहे. कालच्या भागात बुळी असलेली शनाया आज एकाएकी कारस्थानी कशी होते. नवऱ्याने दगा दिलेल्या बायकोला न्याय मिळायचा तर तिला आधी उत्तम स्वयंपाक आलाच पाहिजे का, आणि तिचा मसाल्याचा धंदा कोटींवर गेल्याखेरीज लेखकाला तिचे दुःख खरे का वाटत नाही, असे प्रश्न मी जेवता जेवता उपस्थित करी. त्यांना उत्तर म्हणून आणखी एक भाकरी ताटात पडे.

वर्गातसुद्धा मला या राधिकेने छळले. 'एकच प्याला' शिकवत होतो. १९१९ साली रंगभूमीवर आलेली ती सिंधू, दारुड्या नवऱ्याच्या घरात दळण दळत राहते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, राधिका कोर्टात जाते, मग सिंधू माहेरी तरी का राहिली नाही?" मी तिला गडकऱ्यांचा काळ समजावून सांगितला. तिचे समाधान झाले नाही. मग मी तिला १९४२ च्या 'कुलवधू'तली भानुमती सांगितली. मो. ग. रांगणेकरांची ही नायिका नवऱ्याचे घर सोडून बाहेर पडते. मुलगी म्हणाली, "म्हणजे जायचं की राहायचं, एवढंच!" आणि खाली बसली. तिचे हे वाक्य मी तेव्हा उद्धटपणाच्या खात्यात जमा केले होते.

आता थोडे आमच्या गावाविषयी, कारण त्यावाचून पुढचे कळायचे नाही. वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. नाव खटावचे, कचेऱ्या वडूजला. उशाला येरळा नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच अधिक. अशा कोरड्या मुलखातल्या पुरुषांना पोटासाठी बाहेर पडावेच लागते. काही पलटणीत जातात, काही मुंबईला, आणि काही गलाईच्या धंद्यात. खटाव, माण, विटा, आटपाडी या पट्ट्यातले गलाईवाले हिंदुस्थानभर पसरलेले आहेत. जुने सोने घ्यायचे, मुशीत वितळवून शुद्ध करायचे आणि सराफाला द्यायचे. दुकान दूरच्या गावी, घर इथे. माणूस यात्रेला आणि दिवाळीला येतो, घराला रंग देतो, चार दिवस राहतो आणि जातो.

माझे काका असेच गलाईवाले. तमिळनाडूतल्या एका गावी त्यांची भट्टी होती. काकी लग्न होऊन आली ती या घरात राहिली. काका वर्षातून दोनदा येत, पुढे एकदाच. २००९ साली ते तिकडेच वारले. वडील आणि एक भाऊबंद जाऊन अस्थी घेऊन आले. ओसरीवर बसून वडील एवढेच म्हणाले, "तिकडची माणसं चांगली आहेत. शेवटपर्यंत सगळं केलं." कोणती माणसे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारले नाही. गावात कुजबुज होती. ती माझ्या कानावर मी कॉलेजात असल्यापासून होती. पण आमच्या घराला बोलायचे विषय आणि न बोलायचे विषय अशा दोन खोल्या आहेत आणि दुसऱ्या खोलीला कुलूप असते.

त्या वर्षीच्या दिवाळीपासून एक नवी प्रथा सुरू झाली. फराळ झाला की काकी एक पत्र्याचा डबा भरी, फडक्यात शिवी आणि माझ्यापुढे ठेवी. "मास्तर, पत्ता घाल." पत्ता काकांच्या जुन्या दुकानाचा. "दुकानात जुना गडी हाय, त्याला," असे तिने पहिल्या वर्षी सांगितले होते. मी इंग्रजीत पत्ता घाली आणि पोस्टात देऊन येई. गड्याचे नाव मी कधी विचारले नाही. दुकान तर विकले गेले असणार, एवढा हिशेब मलाही येत होता.

पुन्हा मालिकांकडे येतो. २०१७ साली 'लागिरं झालं जी' लागली आणि सारा सातारा जिल्हा पडद्याला चिकटला. आपली भाषा, आपल्या पारावरची माणसे, फौजी होण्याचे वेड घेतलेला अज्या आणि त्याच्यावर जीव टाकणारी शीतली. एस्टी स्टँडवर बायका शीतलीची खुशाली अशी विचारत, की ती शेजारच्या गल्लीत राहते. मला स्वतःला त्या मालिकेचा पूर्वार्ध फार आवडला. लग्नानंतर लेखकाला काय करावे हे सुचेनासे झाले, असे माझे मत आहे. पण काकी मात्र शेवटपर्यंत पाहत होती. एके दिवशी अज्या रजा संपवून निघाला आणि शीतली दारात उभी राहिली, तेव्हा काकी म्हणाली,

"हिचं बरं हाय. हिनं वाकून बघितलं आन् मग उडी घेतली. आमाला उडी घेतल्यावर कळलं, हिर हाय म्हणून."

आम्ही हसलो. ती चांगले बोलली, एवढेच आम्हांला वाटले. मी तर ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात बोलीभाषेच्या सामर्थ्याचा नमुना म्हणून फळ्यावर लिहिले! मास्तर तो मास्तरच.

मग २०१८ सालची ती रात्र. राधिकेने शनायाची चांगली फजिती केली होती. शनायाला स्वयंपाक येत नाही, कामाचा कंटाळा आहे, हा विनोद मालिकेत नित्याचाच. सौभाग्यवतीने पेपर बाजूला ठेवून टाळी वाजवली. आई म्हणाली, "अशीच जिरायला पाहिजे सटवीची." मुलगी हसत होती. आणि पलंगावरून काकीचा आवाज आला.

"त्या पोरीला काय घावलं?"

आम्ही वळून पाहिले.

"न्हाई, इचारते. ह्यो बाबा उद्या आजारी पडला, तर औषध कोण दील? हीच ना? उलटी कोण काढील? आन् मेला, तर तिला कुणी पुसाया यील का? कुंकू पुसायचा तरी हक्क हाय का तिला?"

मेथी निवडणारा आईचा हात थांबला. पडद्यावर जाहिरात लागली होती, साबणाची असावी. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले आणि मी ताटाकडे. काकीने लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "लिव्हणाऱ्यानं तिला निस्ती येडी केलीया. येडी बाई असं करत न्हाई."

वीस वर्षे मी वाङ्मय शिकवतो आहे. शनाया हे पात्र एकरंगी झाले आहे, ही टीका मी त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये केली होती. (स्टाफरूममध्ये मालिका कोणी पाहत नाही, पण हे वाक्य सगळ्यांना समजले.) मात्र तो दुसरा रंग कोणता असेल, हे मला सांगता आले नसते. राधिकेने जावे की राहावे यावर आम्ही चौघांनी दोन वर्षे डोकेफोड केली. काकी जन्मभर ना गेली, ना कोणाला जाऊ म्हणाली. आणि आमच्यापैकी कोणी तिला एकदाही विचारले नाही, की काकी, तू काय करायचे ठरवले होतेस?

त्या रात्रीनंतरही मी विचारले नाही. धीर झाला नाही, हे खरे. दिवाळीला डबा आला, मी पत्ता घातला.

पुढे 'आई कुठे काय करते' आली. तीही तीच कहाणी. मूळ बंगाली, आणि हिंदीत तिचीच 'अनुपमा' झालेली. अरुंधती, अनिरुद्ध आणि संजना. माझ्या मते ही मालिका राधिकेच्या मालिकेपेक्षा पुष्कळ समंजसपणे लिहिली होती, निदान पहिली दोन वर्षे. पुढे तिच्यातही पाणी पडले. पण संजना ही नुसती सटवी नव्हती. तिला नोकरी होती, मोडलेला संसार होता, निखिल नावाचा मुलगा होता. आणि अनिरुद्धशी लग्न करून 'समृद्धी' बंगल्यात आल्यावर तिच्या वाट्याला तेच स्वयंपाकघर आणि तेच टोमणे आले. अरुंधतीने पुढे आशुतोषशी लग्न करायचे ठरवले, तेव्हा आईने तीन दिवस मालिका पाहिली नाही. काकीने पाहिली. तिचे लक्ष मात्र संजनाकडे. "ही बरी लिव्हलीया," एवढेच प्रशस्तिपत्र तिने दिले. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांनाही असे सहजासहजी मिळायचे नाही.

त्याच सुमारास एका दिवाळीला डबा माझ्यापुढे आला. मी पेन काढून पत्ता लिहायला लागलो, तर काकी म्हणाली, "थांब. वर नाव घाल."

"कुणाचं?"

तिने नाव सांगितले. न अडखळता, आडनावाच्या जागी वडिलांचे आद्याक्षर लावून, तिकडच्या रीतीप्रमाणे. किती वर्षांपासून ते नाव तिला पाठ होते, कोण जाणे. मुलगी शेजारी उभी होती. तिने ते नाव वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी ते नाव मोठ्या अक्षरांत लिहिले. काकीने फडक्यावर नखाने रेघ ओढून दाखवली : "जरा वर लिव्ह, शिवणीत जातंय."

"काकी, पत्ता तरी तोच राहिलाय का?"

"परत आलाय का कंदी डबा?"

डबा कधीच परत आला नव्हता.

गेल्या वर्षी बलिप्रतिपदेनंतर चार दिवसांनी पोस्टमनने एक खोके आणून दिले. वर काकीचे नाव, कोणा शिकलेल्या मुलाच्या हातचे असावे अशा वळणदार इंग्रजीत. आत चिठ्ठी नव्हती. केळ्याचे वेफर होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, बारीक, पांढऱ्या चकल्या होत्या. काकी आता ऐंशीच्या घरात आहे, दात थोडेच उरले आहेत. तिने एक चकली मोडली, वास घेतला, तुकडा दाढेखाली धरून बराच वेळ चघळला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. टेलिव्हिजन चालूच होता, पण त्यात काय चालले होते हे मला आठवत नाही.

"तांदळाची हाय," काकी म्हणाली. "भाजणी न्हाई हिच्यात. पर हलकी झालीया. मोहन बरोबर पडलंय."

मग तिने डबा आईकडे सरकवला.