मुहूर्तापूर्वीची तपासणी : कर्जत-खालापूरहून तारापूरकडे

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांस कर्जत म्हणजे वडे घेण्याचे ठिकाण एवढेच ठाऊक असते. गाडी थांबते, मागल्या बाजूस जादा इंजिने लागतात, फलाटावर फेरीवाल्यांची धांदल उडते आणि मुले खिडकीतून सह्याद्रीचे कडे पाहू लागतात. परंतु ज्या कोणास चार दिवस सवड असेल त्याने कर्जत व खालापूर हे दोन तालुके केवळ ओलांडून न जाता पायाखाली घालावेत. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख मोठा बोधप्रद आहे. संकट येण्यापूर्वी त्याची तयारी कशी करावी, आणि ती न केल्यास काय होते, या दोन्ही गोष्टी येथे उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळतात.

प्रथम बोरघाटाचीच गोष्ट घ्या. १८५६ साली हाती घेतलेले घाटातील रेल्वेचे काम १८६३ साली पुरे झाले. सदतीस फुटांस एक फूट असा येथील चढ काही ठिकाणी आहे. चढणाऱ्या गाडीस बळ हवे, म्हणून मागून इंजिने लावतात, हे सर्वांच्या लक्षात येते. परंतु घाटाची खरी भीती उतरणीची असते. यासाठी उतरत्या गाडीचा ब्रेक घाटात शिरण्यापूर्वी पारखून घेतात. आणि इतके करूनही ती अनावर झालीच, तर तिने वळून चढावर जाऊन आपोआप थांबावे, अशा हेतूने मुख्य मार्गापासून निराळे रूळ टाकून ठेवलेले आहेत. ब्रेक चांगला आहे अशी खात्री असूनही तो फसेल असे धरून चालणे, यालाच खरी पूर्वतयारी म्हणतात.

कर्जतहून निघालेला रेल्वेचा फाटा खोपोलीस येऊन संपतो. येथे डोंगरावरून उतरणारे प्रचंड नळ दृष्टीस पडतात. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत अडविलेले पावसाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर चक्रे फिरवावयाची व वीज करावयाची, ही योजना जमशेटजी टाटा यांच्या मनात होती. ते १९०४ साली निवर्तले. कंपनी १९१० साली निघाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथेही असेच केंद्र उभे राहिले. चक्रांवरून सुटलेले पाणी खोपोलीस पाताळगंगेत व भिवपुरीस उल्हास नदीत जाते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही या नद्या खालच्या गावांस पाणी पुरवितात.

येथून पालीच्या रस्त्यास लागले म्हणजे चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ साली कारतलबखानाची फौज घाट उतरून येथे आली, तेव्हा शिवाजी महाराजांचे मावळे दोन्ही अंगांच्या झाडीत अगोदरच दबा धरून बसले होते. खानाने तोफा, घोडे, खजिना सर्व काही बरोबर घेतले होते. वाट मात्र पाहून ठेवली नव्हती. सामग्री म्हणजे तयारी नव्हे, हा धडा या खिंडीइतका थोडक्यात दुसरीकडे क्वचितच मिळेल.

खोपोलीच्या नळांपाशी उभे राहिले असता पाण्याचा धाक डोळ्यांस दिसतो, कानांस ऐकू येतो. नळास तडा गेला तर लहान मूलसुद्धा दूर पळेल. परंतु ज्या विजेच्या मुळाशी असलेले संकट दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यास रंग, वास वा चव नाही, तिच्या बाबतीत तयारीची तपासणी कशी करावयाची? आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तर पाहावयाचे तर तारापूरकडे वळले पाहिजे. कर्जतहून कल्याण, दिवा, वसई असे करीत बोईसरला उतरले की अरबी समुद्राच्या काठचे हे अणुवीज केंद्र जवळच आहे. येथील पहिली दोन यंत्रे १९६९ साली चालू झाली. पुढे ५४० मेगावॉटची दोन मोठी यंत्रे उभारली गेली. त्यांपैकी चौथ्यात अणुविभाजनाची अखंड साखळी मार्च २००५ मध्ये प्रथम सुरू झाली, तर तिसऱ्यात मे २००६ मध्ये.

लग्नघरात मुहूर्ताच्या आदल्या रात्री घरातील कर्ती बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोठीघरापासून माजघरापर्यंत एक फेरी घालते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तांदूळ आहेत असे कोणी सांगितले म्हणून तिचे समाधान होत नाही. ती पोत्यात हात घालून पाहते. अणुकेंद्र चालू होण्यापूर्वीची तपासणी ही अशीच, पण कित्येक महिने चालणारी फेरी होय. जागा, बांधकाम, चाचणी व चालविणे या प्रत्येक पायरीस निराळी परवानगी लागते. आणि चाचणीतही इंधन भरणे, साखळी प्रथम सुरू करणे व शक्ती थोडी थोडी वाढवीत नेणे, असे टप्पे केलेले असतात. एका टप्प्याचा निकाल समाधानकारक ठरल्याविना पुढचा दरवाजा उघडत नाही.

या फेरीचा आरंभ केंद्राच्या कुंपणाबाहेरच होतो, हे वाचून कित्येकांस नवल वाटेल. सृष्टीत किरणोत्सर्ग मुळातच आहे. खडकांत, वाळूत, आकाशातून येणाऱ्या किरणांत, किंबहुना आपल्या शरीरातील पोटॅशियममध्येही तो आहे. माणसास या नैसर्गिक मार्गाने मिळणारी मात्रा जगात सरासरीने वर्षास सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. केरळच्या किनाऱ्यावरील थोरियमयुक्त वाळूच्या प्रदेशात ती याहून बरीच अधिक आहे. म्हणून यंत्र सुरू होण्यापूर्वीच आसपासचे पाणी, माती, दूध, धान्य व मासळी तपासून त्यांचे आकडे नोंदवून ठेवावे लागतात. मूळची नोंद नसेल, तर पुढे कोणी विचारले की हे यंत्रामुळे झाले की आधीपासूनच होते, त्यास उत्तर देणार कसे?

मग आतील कामाकडे वळावयाचे. केंद्राच्या आवारात स्वच्छ भागापासून अधिक धोक्याच्या भागापर्यंत क्रमाने विभाग पाडलेले असतात. एका विभागातून दुसऱ्यात जाताना हात, पाय व कपडे यंत्रापुढे धरून तपासावे लागतात. आपल्या जुन्या घरांतील सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवस्थेची येथे आठवण झाली तर नवल नाही. भेद इतकाच की येथे निर्णय मापकाचा काटा देतो. हे मापक खरे बोलतात की नाही, हे ठाऊक असलेल्या शक्तीचा किरणस्रोत त्यांच्यापुढे धरून आधी पारखतात. काँक्रीटच्या जाड भिंतींत कोठे फट राहिली आहे काय, हे शक्ती थोडी वाढवून व प्रत्येक वेळी भिंतीबाहेर मोजून पाहतात. प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक लहान बिल्ला असतो व त्याने घेतलेली मात्रा त्यात साठते. तिची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० अशी आहे; बाहेरील जनतेसाठी ती अवघी १ आहे. तथापि मर्यादेच्या आत राहिले म्हणजे झाले, असे हे शास्त्र मानीत नाही. टाळता येण्याजोगी मात्रा टाळलीच पाहिजे, असा त्याचा दंडक आहे.

परंतु तपासनिसाची खरी कसोटी यंत्रांत नसून माणसांत आहे. मापकाची घंटा वाजली तर पाळीवरचा कामगार काय करील? तो कोठे जमेल, त्याची मोजदाद कोण करील? ही उत्तरे कागदावरून वाचावयाची नसतात. अचानक प्रसंग घालून ती माणसांकडून करवून पाहावयाची असतात. कुंपणाबाहेरही तेच. केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आणीबाणीची योजना आखलेली असते आणि तिचे सूत्रधार केंद्राचे अधिकारी नसून जिल्हाधिकारी असतात. किरणोत्सर्गी आयोडीन गळ्यातील ग्रंथीत साठू नये म्हणून आधीच साधे आयोडीन देण्याच्या गोळ्या, लोकांस हलविण्याच्या गाड्या, निवाऱ्याच्या शाळा, या सर्वांची रंगीत तालीम करावी लागते.

तपासणारा व तपासला जाणारा एकाच घरचा असावा काय, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. तारापूरची पहिली जोडी चालू झाली तेव्हा निराळे नियामक मंडळ नव्हते; अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ च्या नोव्हेंबरात स्थापन झाले. तरीही त्यास पुरेसे स्वतंत्र कायदेशीर स्थान नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०१२ साली आपल्या अहवालात मारला. त्याच्या आदल्याच वर्षी जपानात फुकुशिमाची दुर्घटना झाली होती. तेथील यंत्रे व तारापूरची पहिली जोडी एकाच कुळातील, म्हणून आपल्याकडेही फेरतपासणी झाली आणि वीज बंद पडली तरी बाहेरून पाणी सोडता यावे अशी सोय करण्यात आली. शिवाय, नव्या यंत्रांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांतील लोकांस आपली घरे सोडावी लागली, हेही विसरता कामा नये. ज्यांनी घर दिले त्यांस सुरक्षिततेचा हिशेब विचारण्याचा पहिला हक्क आहे.

तारापूरची ही दक्षता वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप अणूसाठी ठीक, आमच्या डोंगरकपारीत त्याचे काय काम? त्याचे उत्तर खालापूर तालुक्यानेच फार दारुण रीतीने दिले आहे. चौकजवळ इर्शाळगडाच्या अंगावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वर मोटाररस्ता नव्हता, यंत्रे चढेनात, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान चिखलातून पायी चढले व हातांनी माती उपसू लागले. अणुकेंद्रातील अपघातास तोंड देण्याचे शिक्षणही याच दलास दिलेले असते. परंतु सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट ही, की दरडीचा धोका असलेल्या गावांची जी सरकारी यादी होती, तीत या वाडीचे नावच नव्हते. म्हणजे उपाय चुकला असे नव्हे. मुळात प्रश्नच विचारला गेला नव्हता.

तारापूरच्या आकड्यांत आणि इर्शाळवाडीच्या मातीत हाच एक धागा आहे. तपासणीचे मोल उत्तरांवर जितके, त्याहून अधिक ती कोणते प्रश्न विचारते यावर अवलंबून असते. मोठ्या यंत्राच्या दारी हे प्रश्न विचारण्यास तज्ज्ञ नेमलेले असतात, ही समाधानाची गोष्ट आहे. डोंगराखालच्या वाडीस, नदीकाठच्या आळीस, किंबहुना आपल्या घरातील जिन्याखालच्या विजेच्या पेटीस असा कोणी तज्ज्ञ मिळत नाही; तेथे घरच्या वडीलधाऱ्यांनीच किल्ल्यांचा जुडगा घेऊन फेरी घातली पाहिजे. या पावसाळ्यापूर्वी ज्यांस सवड असेल त्यांनी मुलांस घेऊन घाटपायथ्याचा हा प्रवास अवश्य करावा. बोरघाटातील रूळ, खोपोलीचे नळ व उंबरखिंड त्यांस दाखवावी. आणि इर्शाळगडाकडे बोट करून तेथे काय झाले, हेही न चुकता सांगावे.