आईच्या डायऱ्या

आईच्या माघारी तिची ट्रंक उघडली, तर साड्यांखाली नऊ डायऱ्या! धाकटी म्हणाली, "ताई, वाचू या ना." माझा हात धजेना.

त्याच आठवड्यात अंकासाठी मी डोरोथी डे यांच्याविषयी वाचत होते. १९३३ मध्ये न्यूयॉर्कला 'कॅथलिक वर्कर' हे एका सेंटचं वृत्तपत्र सुरू करणाऱ्या या बाई बसने अमेरिकाभर हिंडून गरिबी आणि युद्धविरोधावर व्याख्यानं देत. १९७० मध्ये आपल्या कलकत्त्यालाही येऊन गेल्या. त्यांची कागदपत्रं मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात आहेत. रोजनिश्या मात्र १९८० मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षं बंद होत्या. २००८ मध्ये त्या छापून आल्या. सभांमधून ठामपणे बोलणाऱ्या बाईंनी तिथे स्वतःची चिडचिड, थकवा, एकटेपणा लिहून ठेवला आहे. मला त्या तिथेच जास्त जवळच्या वाटल्या. म्हणजे दुसऱ्याचं मी वाचलंच की!

आई कुठे व्याख्यानं देत होती? पण चारचौघांत हसतमुख असायची आणि रात्री सगळे निजल्यावर लिहायची. वाचा म्हणाली नाही, जाळा असंही नाही. २५ वर्षं थांबायचं तर मीच साठीला टेकेन.

बाबा आहेत तोवर नको, असं मी ठरवलं. डायऱ्या परत ट्रंकेत ठेवल्या. धाकटी अजून माझ्याशी बोलत नाही.